रिकाम्या कबरीची साक्ष

“कबर रिकामी होती ना? मग देह गेला कुठे?”

आमच्या सोसायटीतले अंकल हा प्रश्न टाकतात तेव्हा समोरच्याची आता बोलती बंद होणार, अशी त्यांची खात्री असते. मूळचे वसईचे, पण आयुष्य बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत गेलं. नोकरी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे पागडीच्या खोल्या, थकलेलं भाडं आणि पोटभाडेकरू यांच्या संगतीत. साक्ष, उलटतपासणी, ऐकीव पुरावा हे शब्द निवृत्तीनंतरही त्यांच्या तोंडातून गेलेले नाहीत. येशू मेलेल्यांतून उठला, हे ते ‘आमची श्रद्धा आहे’ म्हणून सांगत नाहीत. “श्रद्धा नंतर. आधी पुरावा बघ,” म्हणतात.

मला हे आवडतं. ‘श्रद्धेचा विषय आहे’ म्हटलं की पुढचं बोलणंच खुंटतं. पुरावा मांडला की निदान तो हातात घेऊन उलटसुलट करून बघता येतो.

त्यांची मांडणी अशी: येशूला क्रुसावर मारलं आणि अरिमथाईकर योसेफाने त्याला कबरीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी काही स्त्रियांना ती कबर रिकामी दिसली. मग तो शिष्यांना दिसला, एकेकट्याला आणि घोळक्यालाही. आणि अटकेच्या रात्री पळून गेलेले हेच शिष्य पुढे या एका गोष्टीसाठी जीव द्यायला तयार झाले. आता या सगळ्याला पुरून उरेल असं दुसरं स्पष्टीकरण दे, नाहीतर मान्य कर. अमेरिकेत गॅरी हाबरमास आणि विल्यम लेन क्रेग या ख्रिस्ती अभ्यासकांनी गेली कित्येक वर्षं याच धर्तीची मांडणी व्याख्यानांतून आणि जाहीर वादांतून केली आहे. अंकल ती यूट्यूबवर ऐकतात आणि मला लिंका पाठवतात. मी ऐकते. काही लिंका तर जेवण करता करता दोनदा ऐकल्या आहेत.

पण कोर्टाचीच भाषा बोलायची तर आधी कागद बघायला हवेत. येशूचा मृत्यू साधारण इ. स. ३० चा. सगळ्यांत जुना कागद पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाचा, करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र, ते पन्नाशीच्या दशकातलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात यादी आहे: ख्रिस्त केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि सगळ्यांत शेवटी मला. यात एकाही स्त्रीचं नाव नाही. पुरल्याचा उल्लेख आहे, रिकाम्या कबरीचा नाही. आणि स्वतःला झालेलं दर्शन पौल त्याच रांगेत उभं करतो. पेत्राला दिसला तो वेगळा आणि मला दिसला तो वेगळा, असं काही म्हणत नाही. पौलाचं दर्शन कसं होतं, ते ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतात: दमास्कसच्या वाटेवर आकाशातून प्रकाश आणि एक आवाज. मग पेत्राचं तरी त्याहून वेगळं होतं कशावरून?

कबरीची गोष्ट आपल्यापर्यंत पहिल्यांदा येते ती मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या चार येशूचरित्रांपैकी एकात, इ. स. ७० च्या आगेमागे. तीन स्त्रिया सुगंधी द्रव्यं घेऊन पहाटे निघतात. वाटेत त्यांना घोर पडलेला असतो की दारावरची धोंड लोटणार कोण. जाऊन बघतात तर धोंड बाजूला आणि आत पांढरा झगा घातलेला एक तरुण बसलेला. तो उठला आहे, जाऊन शिष्यांना सांगा, असं तो म्हणतो. त्या थरथर कापत पळत सुटतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. संपलं. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या जुन्या हस्तलिखितांत मार्क इथेच थांबतो. उठलेला येशू त्यात कोणाला दिसतच नाही. पुढची बारा वचनं नंतर कोणीतरी जोडली, हे बहुतेक ख्रिस्ती अभ्यासकही मान्य करतात. कथेचा शेवट म्हणून मला हा विलक्षण वाटतो. ज्याने नंतरची वचनं जोडली त्याला मात्र तो सोसला नसावा.

नंतरच्या तीन शुभवर्तमानांच्या लेखकांनाही तो सोसलेला दिसत नाही. मत्तयात भूकंप होतो, आकाशातून देवदूत उतरतो, कबरीवर पहारेकरी येतात. लूकमध्ये एका तरुणाचे दोन झाले आहेत आणि येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खाऊन दाखवतो. योहानात थोमाला जखमेत हात घालायला सांगितलं जातं. स्त्रिया मार्कमध्ये तीन, मत्तयात दोन, योहानात एकटी मग्दालीया. मत्तयातले शिष्य येशूला भेटायला गालीलात जातात, तर लूकमध्ये त्यांना यरुशलेम सोडू नका असं बजावलं जातं.

अंकल यावर हसले. “बाळा, चार साक्षीदार अक्षरशः एकच बोलले ना, तर साहेब म्हणायचे, हे पढवून आणलेत. खरे साक्षीदार तपशिलात चुकतात.” उत्तर बिनतोड आहे, आणि चार वेगळ्या माणसांच्या चार वेगळ्या जबान्या असत्या तर मी तिथेच गप्प बसले असते. पण मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्कचा मजकूर होता. वाक्यंच्या वाक्यं त्यातून उचललेली आहेत. एका अर्जाची नक्कल करून खाली आपला मजकूर वाढवलेला दुसरा अर्ज, याला अंकलच्या साहेबांनी स्वतंत्र साक्ष धरलं असतं का? शिवाय फरक नुसते इकडेतिकडे पडलेले नाहीत, ते एकाच दिशेने वाढत गेले आहेत. कागद जितका उशिराचा, तितका देह जास्त घट्ट, जास्त हात लावून बघता येण्यासारखा.

स्त्रियांचा मुद्दा त्यांचा लाडका आहे. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती तर पुरुष साक्षीदार घातले असते. मुद्दा ठीक आहे, पण मार्कच्या कथेत पुरुष आहेत कुठे? ते आधीच पळालेले. आणि प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला कथेत कोण जाणार? आपल्याकडेही मयताच्या घरी कोण काय करतं हे ठरलेलं असतंच. हुतात्म्यांच्या मुद्द्यावर मी फार रेंगाळत नाही. येशूचा भाऊ याकोब इ. स. ६२ च्या सुमारास मारला गेला, हे ज्यू इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवलं आहे. पेत्र आणि पौल यांच्याबद्दलही जुनी परंपरा आहे. बाकीच्या बहुतेक प्रेषितांच्या मरणाच्या कथा खूप उशिराच्या. आणि मरायला तयार होणं म्हणजे मनापासून मानणं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ते खोटारडे होते असं मी कधी म्हटलेलंच नाही.

इथे मी त्यांना बायबलातून बाहेर काढून शिर्डीला नेलं.

आमच्या घरी आई गुरुवार करते, त्यामुळे साईसच्चरित कानांवर पडतच मी मोठी झाले. त्यात गोष्ट आहे: १८८६ सालची. साईबाबांना दम्याचा जोर झाला. त्यांनी आपले भक्त म्हाळसापती यांना सांगितलं, मी तीन दिवस जातो, देह सांभाळ. परत आलो नाही तर अमुक जागी पुर आणि दोन निशाणं लाव. आणि श्वास थांबला. गावकरी जमले, पंचनामा करून पुरायचं म्हणू लागले. म्हाळसापती मांडीवरचा देह सोडेनात. तिसऱ्या दिवशी बाबा उठून बसले. लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोळकर, ज्यांना हेमाडपंत म्हणतात. हे गृहस्थ होते कोण, तर वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट! त्यांनी १९१० पासून बाबांना स्वतः पाहिलं, म्हाळसापतींना ओळखत होते, आणि ग्रंथ घटनेनंतर साधारण चाळीसेक वर्षांत ओवीबद्ध झाला. म्हणजे मार्कइतकंच अंतर. फरक असलाच तर हेमाडपंतांच्या बाजूने आहे: लेखक कोण ते माहीत, साक्षीदार कोण ते माहीत, गाव अजून जागेवर.

अंकलनी क्षणाचाही विलंब लावला नाही. “समाधी लागली असेल. नाडी कोणी बघितली? डॉक्टर होता तिथे?”

मग मी तुकोबांबद्दल विचारलं. १६५० साली सदेह वैकुंठाला गेले, देह सापडला नाही. तर म्हणाले, “शत्रू काय कमी होते त्यांना? घातपात करून देह कुठेतरी लपवला असणार.”

एका चहात त्यांनी युरोपातल्या शंभर वर्षांच्या शंकांची उजळणी करून दाखवली होती. शिष्यांनी देह चोरला, असं हॅम्बुर्गच्या रायमारुस या विद्वानाने लिहून ठेवलं आणि तो मेल्यावर लेसिंग या लेखकाने १७७४ ते १७७८ या काळात ते छापलं. मेला नव्हताच, नुसती शुद्ध हरपली होती, असं पाउलुस आणि त्याच्या पिढीतल्या आणखी काही जर्मन पंडितांचं म्हणणं. दोन्ही स्पष्टीकरणं येशूला लावली की अंकलना बालिश वाटतात. शिर्डी-देहूला लावली की सहज सुचतात. आणि हे त्यांचंच नाही. आमच्या आईला विचारा: बाबांचे तीन दिवस तिला शंभर टक्के खरे, येशूचे तीन दिवस म्हणजे ‘त्यांच्यात तसं मानतात’.

या शहरात हा खेळ जुना आहे. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि पाद्री जॉन विल्सन यांचा धर्मावर वाद झाला, त्याच विल्सनच्या नावाचं कॉलेज आज चौपाटीसमोर आहे. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी आठवड्याआठवड्याला भिडत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. पुराणांतल्या चमत्कारांची खिल्ली उडवताना पाद्री अगदी तर्कशुद्ध असत. बायबलातल्या चमत्कारांशी आले की त्यांचा तर्क जरा मवाळ व्हायचा. समोरच्या बाजूलाही काही वेगळं नव्हतं. दोघांच्या तराजूत खोट नव्हती, फक्त आपला माल ठेवताना काट्याला बोट लागत होतं.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये हेच जरा कोरडेपणाने लिहिलं: साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहून मोठा चमत्कार ठरेल, तेव्हाच साक्ष मानावी. आणि निरनिराळ्या धर्मांचे चमत्कार एकमेकांची साक्ष खोडून काढतात. त्याचा पहिला भाग काही वेळा ‘चमत्कार होऊच शकत नाही’ इथपर्यंत घसरतो, ते मला पटत नाही. होऊ शकत नाही हे आपण बसल्या जागी कसं ठरवणार? उलट टोकाला रिचर्ड स्विनबर्न या तत्त्वज्ञांनी संभाव्यतेचं गणित मांडून पुनरुत्थानाची शक्यता ९७ टक्के काढली. त्यात सुरुवातीला घातलेले आकडे बदलले की उत्तर बदलतं, त्यामुळे मला ते गणितापेक्षा कबुलीजबाबासारखं वाटतं.

पाचशे जणांना एकाच वेळी दिसला त्याचं काय, हा प्रश्न उरतो. पौल त्यांतल्या एकाचंही नाव देत नाही, गाव देत नाही. पण समजा खरोखर पाचशे होते. २१ सप्टेंबर १९९५ ला मुंबईत जो कोणी जाणता होता त्याला गणपती दूध प्यायला तो दिवस आठवत असेल. आमच्या गल्लीतल्या देवळात मी आईबरोबर रांगेत होते. चमचा सोंडेला टेकवला की दूध हळूहळू कमी होत जायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शेंदरावरून दुधाची पातळ ओळ खाली उतरत होती आणि मूर्तीच्या पायाशी पुजाऱ्याने टाकलेलं पोतेरं दुधाने निथळत होतं, हेही सगळ्यांना दिसत होतं. पोतेऱ्याकडे बघून कोणी रांग सोडली नाही. पृष्ठताणाचं स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून लगेच दाखवलं, तरी आजही कोणी ‘प्यायला होता’ म्हणालं तर तो माणूस खोटं बोलत नसतो. लाखो साक्षीदार, एकही लबाड नाही.

एकेकट्यांच्या दर्शनांचं मला नवल वाटत नाही. १९७१ मध्ये डॉ. रीस यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांचा अभ्यास छापला. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा भास झाला होता. कोणाला तो जवळ असल्यासारखा वाटला, कोणाला दिसला, कोणाला ऐकू आला. आमचे बाबा गेल्यावर आई संध्याकाळी मधेच उठून दार उघडायची. खाली स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज आला, म्हणायची. ती भ्रमिष्ट झाली नव्हती. त्याच महिन्यात तिने विम्याचे सगळे कागद एकटीने निस्तरले.

“पण तुझी आई म्हणाली का, बाबा उठले म्हणून?” अंकलनी विचारलं. “भास झाला तर माणूस म्हणतो, आत्मा आला होता. उठला असं नाही म्हणत.”

त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. एन. टी. राइट या बिशप-अभ्यासकाने २००३ मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. मला सुचणारं उत्तर असं: जे दिसलं त्याला चौकट समाज पुरवतो. त्या काळच्या पुष्कळ ज्यूंची अशी धारणा होती की अंत जवळ आला आहे आणि अंती मेलेले देहासकट उठतील. खुद्द मार्कच्या सहाव्या अध्यायात येशूची कीर्ती ऐकून राजा हेरोद म्हणतो, मी ज्याचं डोकं उडवलं तो (बाप्तिस्मा करणारा) योहानच उठला आहे. म्हणजे मेलेला कोणी उठला ही कल्पना त्या हवेत होतीच. आपल्याकडे हीच ओढ वेगळ्या चौकटीत बसते: कोणी सदेह वैकुंठाला जातो, कोणी संजीवन समाधी घेतो, कोणी समाधीतूनही बोलेन असं सांगून जातो. आईच्या चौकटीत देहाचं उठणं नव्हतं. तेराव्यानंतर बाबा पुढच्या प्रवासाला लागले, एवढंच होतं.

शंका घेणाऱ्यांच्या बाजूचंही सगळं मी पदरात घेत नाही. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर नाताळला येतं की येशू क्रुसावरून वाचून काश्मीरला आला आणि श्रीनगरच्या रोझाबल दर्ग्यात त्याची कबर आहे. पाठवणाऱ्यांना वाटतं, ख्रिस्ती लोकांची चांगली जिरवली. ही मांडणी अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. म्हणजे घटनेनंतर अठराशेहून अधिक वर्षांची. तिला शेपूट जोडतात ते रशियन प्रवासी नोटोविचच्या १८९४ च्या पुस्तकाचं: येशू तरुणपणी भारतात आला, असं लडाखमधल्या हेमिसच्या मठातल्या हस्तलिखितात आहे म्हणे. पुढच्याच वर्षी एक प्राध्यापक हेमिसच्या मठात जाऊन विचारून आले, तर तिथल्या प्रमुख लामांनी असं हस्तलिखितच नाही म्हणून सांगितलं. जो मार्कची चाळीस वर्षं मोजतो, त्याला हे कसं चालतं? शुद्ध हरपल्याची कल्पनाही तशीच. तिचा निकाल पुढे श्ट्राउस या कट्टर शंकेखोरानेच लावला: अर्धमेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस रांगत कबरीबाहेर आला तर त्याला पाहून कोणी मृत्युंजय म्हणेल का?

मग देह गेला कुठे? माहीत नाही. मार्च २०१२ मध्ये इर्ल्याच्या वेलंकनी चर्चजवळ येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते तीर्थ म्हणून गोळा करू लागले. बुद्धिवादी चळवळीतले सनल एडमारुकू यांनी येऊन भिंतीमागे बघितलं: जवळच्या न्हाणीघराची मोरी तुंबलेली, पाणी भिंतीत मुरून केशाकर्षणाने वर चढलेलं आणि मूर्ती जिथे ठोकली होती तिथून बाहेर येत होतं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. चर्चने तो चमत्कार असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. तिथे भिंत होती, मोरी होती, हात लावून बघता आलं. यरुशलेमची ती भिंत आता कोणालाच मिळणार नाही. देह दुसरीकडे हलवला असेल, कबरीची गोष्टच मागून आली असेल, आणखी काही असेल. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ टाचेच्या हाडात खिळा अडकलेला एक सांगाडा अस्थिपेटीत सापडला, म्हणजे क्रुसावर मेलेल्याला कबर मिळणं अशक्य नव्हतं. पण त्या एकाचं झालं म्हणून याचंही तसंच झालं, असं त्यावरून निघत नाही.

“माहीत नाही म्हणालीस, म्हणजे निम्मी केस माझी,” अंकल म्हणाले. मी म्हटलं, वादी शाबीत करू शकला नाही तर निम्मी खोली त्याच्या नावावर करतात का तुमच्या कोर्टात? ते खूप हसले, पण मागे हटले नाहीत. येशूच्या हयातीत त्याच्यावर विश्वास न ठेवणारा भाऊ याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी कसा झाला, हे सांग म्हणाले. ते मला खरंच नीट सांगता येत नाही. उठलेला येशू याकोबाला दिसला, हे पौलाचं एक अर्धं वाक्य सोडलं तर त्या भेटीबद्दल बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत ओळ नाही.

मी त्यांना उलट मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय काढायला लावला. येशूने प्राण सोडला तेव्हा कबरी उघडल्या, पुष्कळ संतांचे देह उठले आणि नंतर ते पवित्र नगरात जाऊन अनेकांच्या दृष्टीस पडले. एवढे मुडदे राजधानीत फिरले आणि मार्क, लूक, योहान, पौल, जोसेफस यांच्यापैकी कोणाच्याही लेखणीत ते आले नाहीत? अंकलनी चष्मा कपाळावर सरकवला. “ते प्रतीकात्मक आहे,” म्हणाले. मायकेल लिकोना नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने २०१० मध्ये असंच काहीसं लिहिलं, तर त्यांच्याच गोटातल्या लोकांनी केवढा गहजब केला होता. मी विचारलं, सत्ताविसाव्यातल्या कबरी प्रतीकात्मक आणि अठ्ठाविसाव्यातली खरी, हे कोणी ठरवलं?

“फादरना विचारून सांगतो.”

फादरांचं उत्तर अजून यायचं आहे. दरम्यान अंकलनी क्रेगच्या एका वादाची नवी लिंक पाठवली आहे, दोन तासांची.